इटलीत गोड खायचं तर काय आणि कुठे?

व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम हा ठरलेला मार्ग धरून इटलीला निघालेल्या मंडळींचा एक प्रश्न हमखास असतो: तिथलं गोड नेमकं कोणतं खावं? तिरामिसू, पन्ना कोत्ता आणि कन्नोली ही नावं मेनूकार्डावर शेजारी शेजारी दिसतात, म्हणून ती एकाच स्वयंपाकघरातली वाटतात. तसं मुळीच नाही. इटली एक देश झाला १८६१ साली, आणि प्रत्येक प्रांताची खाण्याची रीत त्याच्याही आधीपासूनची. उत्तरेत गाईचं दूध, क्रीम आणि लोणी. दक्षिणेत मेंढीच्या दुधाचं रिकोत्ता (मऊ, पनीरासारखा प्रकार), बदाम, साखरेत मुरवलेल्या संत्र्याच्या साली आणि मोहनाला डुकराची चरबी. म्हणून आधी आपला मार्ग बघा, आणि वाटेत ज्या पदार्थाचं गाव लागतं तोच खा.

व्हेनिस मार्गात असेल तर तिरामिसू. मात्र व्हेनिसच्या गर्दीतल्या हॉटेलांपेक्षा जवळच्या त्रेव्हिझो शहरात जा. लोकल गाडीने साधारण अर्धा तास लागतो. हा पदार्थ जुना वाटतो, पण तो १९७०च्या सुमारास त्रेव्हिझोच्या ‘ले बेक्केरिए’ या रेस्टॉरंटमधून पुढे आला. शेजारचा फ्रिउली प्रांत मात्र तो आपलाच म्हणतो आणि तोल्मेत्सो गावच्या एका हॉटेलकडे बोट दाखवतो. भांडण अजून मिटलेलं नाही. कृती मात्र साधी आहे: कडक कॉफीत बुडवलेली साव्होयार्दी बिस्किटं, अंड्याचा बलक आणि साखर फेटून त्यात मिसळलेलं मस्कारपोने हे क्रीमचं घट्ट चीज, वरून कोको पावडर. त्रेव्हिझोच्या मूळ कृतीत दारू नाही. बाहेर बऱ्याच ठिकाणी मार्साला किंवा रम घालतात, तेव्हा नको असेल तर विचारून घ्या. अंडं बहुधा कच्चंच असतं, हेही लक्षात ठेवा.

पन्ना कोत्ता उत्तर-पश्चिमेच्या पिएमोंते प्रांतातलं. क्रीम, साखर आणि जिलेटिन, एवढंच. खाऊन बघायला हरकत नाही, पण त्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करू नका. चांगलं क्रीम मिळालं तर ते घरीही उत्तम जमतं. जिलेटिन चालत नसेल तर चायना ग्रास वापरता येतं. पोत थोडा घट्ट होतो, त्यामुळे अगदी कमी घाला.

खरी चुरस दक्षिणेत आहे, नेपल्सची सारण भरलेली पापुद्र्यांची स्फोल्यातेल्ला आणि सिसिली बेटावरची तळलेल्या नळीची कन्नोली यांच्यात.

स्फोल्यातेल्ला मुळात अमाल्फीच्या किनाऱ्यावरच्या सांता रोझा मठातली. नेपल्समध्ये ती लोकप्रिय केली पास्क्वाले पिंताउरो यांनी, १८१८च्या सुमारास. तिची ‘रिच्चा’, म्हणजे पापुद्र्यांची जात, करताना पाहणं हाच एक सोहळा आहे. मळलेल्या पिठाची पट्टी पलीकडचं दिसेल इतकी पातळ ताणतात, तिला चरबीचा हात लावतात आणि घट्ट गुंडाळत नेतात. हा रोल बराच वेळ थंड ठेवून त्याच्या चकत्या कापतात. आपल्याकडे चिरोट्याचा रोल कापतात तसंच, पण चिरोटा लाटतो, इथे लाटणं नाही. कारागीर चकतीच्या मधोमध दोन्ही अंगठे रोवतो आणि पापुद्रे एकावर एक सरकवत तिचा शंख करतो. त्यात शिजवलेला रवा, रिकोत्ता, दालचिनी आणि संत्र्याच्या सालीचं सारण भरून भट्टीत लावतात. भट्टीतून काढल्यावर लगेच खाल्ली तर पापुद्रे कडकडीत आणि आतलं सारण वाफाळतं. गार झाली की निम्मी मजा गेली. रोमहून जलद गाडीने नेपल्स तासाभराच्या थोडं पुढे आहे, म्हणजे एका दिवसात जाऊन येता येतं. पापुद्रे नकोत त्यांच्यासाठी ‘फ्रोल्ला’ आहे, तेच सारण पण मऊ खुसखुशीत आवरणात.

कन्नोलीचं सगळं गणित वेळेवर आहे. पिठात चरबी आणि थोडी वाइन घालून ते नळीभोवती गुंडाळतात आणि तळतात. पूर्वी नळीच्या जागी बोरू असे. आवरणावर फोड फोड येतात. आत साखर घालून चाळणीतून काढलेलं मेंढीचं रिकोत्ता. ते ओलसर असतं, त्यामुळे भरून ठेवलेली कन्नोली थोड्याच वेळात सादळते. काउंटरवर आधीच भरलेल्या कन्नोली मांडलेल्या दिसल्या तर पुढच्या दुकानात जा. चांगला दुकानदार तुम्ही मागितल्यावर भरतो. सिसिलीतल्या पालेर्मो शहराकडे टोकाला संत्र्याची साल लावतात, कातानियाकडे पिस्ता, कारण एत्ना पर्वताच्या उतारावरचं ब्रोन्ते गाव पिस्त्याचं. रिकोत्ता उत्तम मिळतं हिवाळ्यात आणि वसंतात, जेव्हा कुरणं हिरवी असतात. मे महिन्याच्या सुट्टीत निघालात तर हंगामाची शेवटची धार मिळेल.

दोन्हींत एकच निवडायचं तर मी कन्नोलीच्या बाजूने आहे, पण फक्त सिसिलीत. रोम-नेपल्सच्या पलीकडे जाणारच नसाल तर स्फोल्यातेल्ला, बिनदिक्कत.

शाकाहारी मंडळींनी मात्र नीट पाहावं. स्फोल्यातेल्ला आणि कन्नोली दोन्हींत परंपरेने डुकराची चरबी असते. काही दुकानं लोणी किंवा तेल वापरतात, म्हणून ‘चे लो स्त्रुत्तो?’ असं विचारा, म्हणजे यात चरबी आहे का. रिकोत्ता चीज करताना उरलेल्या पाण्यापासून होतं आणि त्या चीजला बहुधा कोकराच्या किंवा वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारं द्रव्य, लावलेलं असतं. ज्यांना तेही चालत नाही त्यांनी ते टाळावं. मस्कारपोनेचं तसं नाही, ते क्रीम तापवून आंबट घालून बनतं, पण तिरामिसूत अंडं आहेच. अशा घरातल्यांसाठी माझं उत्तर सिसिलीतलंच आहे, ग्रानिता. पाणी, साखर आणि लिंबू किंवा वाटलेले बदाम, सतत ढवळत गोठवलेले. पूर्वी यासाठी एत्नावरचं बर्फ खड्ड्यांत साठवून ठेवत. सोबत मिळणारा ब्रिओश पाव अंड्याचा असतो, तो सोडून द्या.

यांतलं काहीच घरी आणता येत नाही. आणायचंच असेल तर फ्लॉरेन्सजवळच्या सिएना शहरातून पानफोर्ते घ्या: मध, बदाम, मुरवलेली फळं आणि मसाल्यांची चपटी, जड वडी. पारंपरिक कृतीत अंडं नाही. दालचिनी, लवंग, जायफळ हे सगळे आपल्या ओळखीचे मसाले. १८७९ साली राणी मार्गेरिता सिएनाला आल्या तेव्हा केलेला ‘मार्गेरिता’ प्रकार सौम्य असतो. त्याआधीचा काळा प्रकार मिरीचा आणि झणझणीत. वडीलधाऱ्यांसाठी पहिला घ्या, स्वतःसाठी दुसरा. गुंडाळलेला असला की कित्येक आठवडे टिकतो.