मराठी शब्दकोश अ‍ॅप : ३९९ रुपये आणि आजीची टंचाई

दोन स्टार, त्यातला एक नेट नसताना चालतं म्हणून. नाव घेत नाही पण वर्षाचे ३९९ भरले लेकीच्या मराठीसाठी, इंग्लिश मिडियम असल्यामुळे घरी बोलते छान पण लिहायला बसली की गाडी अडते.

तर झालं असं की तिने निबंधात लिहिलं, "आजी गावाला गेली की मला तिची टंचाई भासते." बाईंनी लाल पेनाने गोल केला. मी म्हटलं हे कुठून आणलंस, तर म्हणे अ‍ॅपमध्ये उणीव टाकलं की समानार्थी म्हणून टंचाई येतं!! सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "मी काय टँकर आहे गं?"

मग मीच बसले तपासायला. टंचाई, तुटवडा, वानवा, चणचण, उणीव, सगळ्यांपुढे एकच अर्थ: कमतरता. बास. अहो पण टंचाई पाण्याची, चाऱ्याची, तुटवडा रक्ताचा नाहीतर इंजेक्शनचा, चणचण महिनाअखेरीला पैशाची, वानवा चांगल्या शिक्षकांची, आणि माणूस नसला की भासते ती उणीव. कमतरता लोहाची, रिपोर्टमध्ये. तूट बजेटमध्ये. हे उदाहरणाशिवाय पोराला कळणार कसं? ददात तर सापडलाच नाही, आणि आमच्याकडे अजून म्हणतात "खाण्यापिण्याची ददात नाही", हा शब्द येतो तो जवळजवळ नेहमी 'नाही'ला धरूनच, तेही कुणीतरी सांगायला हवं ना. वाण टाकलं तर फक्त संक्रांतीचं वाण. बियाण्याचं वाण नाही, "वाण नाही पण गुण लागला" मधला रंगाचा वाण नाही, आणि "कशाची वाण नाही" मधली टंचाईवाली वाण तर नाहीच.

उच्चाराचं बटण आहे, ते दाबलं की एक बाई 'चणचण'मधला च 'चंद्र'मधल्यासारखा म्हणते, 'चाक'मधल्यासारखा नाही.

फुकटात हवं असेल तर दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश (1932 ते 38, सात खंड) आणि मोल्सवर्थची 1857 ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या साइटवर शोधता येते. दिसायला जुनाट, मोबाइलवर अक्षर बारीक, मोल्सवर्थ तर इंग्रजीत अर्थ देतो, पण शब्द वापरतात कसा ते कळतं. अ‍ॅपवाल्यांना मेल केला, उत्तर आलं "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे". ऑटो-रिन्यू बंद केलंय, तुम्ही घेतलं असेल तर तेवढं आधी बघा, सेटिंगमध्ये पार तळाला लपवलंय.