लेकरांना घेऊन सहलीला निघताय? पैसे कुठे आणि कसे जातात ते आधी वाचा

पाऊस ओसरला, नवरात्र उरकलं की मराठवाड्यात शनिवार-रविवारच्या सहली सुरू होतात. रान अजून हिरवं असतं, सौताड्याला पाणी पडत असतं, दौलताबादच्या रस्त्याला सीताफळं दिसायला लागतात आणि दिवाळीच्या सुट्टीत लेकरं घरात ठरत नाहीत. लहान मुलं घेऊन निघालेली कुटुंबं याच दिवसांत हमखास फसवली जातात. एकटादुकटा माणूस भाव पटला नाही तर चालू लागतो. कडेवर दोन वर्षांचं, हाताशी पाच वर्षांचं, एकाला शू लागलेली आणि दुसऱ्याला भूक, अशा आईबापाला तसं निघून जाता येत नाही. गरजवंताला अक्कल नसते, हे समोरच्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून पुढच्या प्रत्येक प्रकारात एकच गोष्ट बघत चला: पैसे कधी द्यायचे हे आपण ठरवतोय की तो.

सगळ्यात मोठी रक्कम जाते ती घराबाहेर पाऊल टाकायच्या आधीच, बुकिंगमध्ये. मोबाइलवर जाहिरात येते: धबधब्याच्या काठावर कॉटेज, जोडप्याला 1,999, दहा वर्षांखालची मुलं फुकट, दोन्ही वेळचं जेवण. नंबरवर मेसेज टाकला की तिकडून पहिला प्रश्न येतो मुलांच्या वयाचा. माणूस काळजीचा वाटतो. मग खोल्यांचे फोटो, एक छापील दिसणारं दरपत्रक, आणि "दोनच खोल्या उरल्यात, पंधरा मिनिटं होल्डवर ठेवतो." टोकन म्हणून 1,000 मागतात. ते गेले की खरा खेळ सुरू होतो. "सर, सिस्टीमला एंट्री पडली नाही. 1,000 नाही, 1,001 टाकायचे होते. पुन्हा टाका, आधीचे आपोआप परत येतील." माणूस पहिले हजार सोडवायला दुसरे हजार पाठवतो. मग पूर्ण रक्कम भरल्याशिवाय रिफंड निघत नाही असं कळतं. शेवटी रिफंडसाठी म्हणून क्यूआर कोड येतो, किंवा "बुकिंग पावती" नावाची फाइल येते, जिच्या शेवटी एपीके लिहिलेलं असतं.

इथे दोन गोष्टी डोक्यात घट्ट बसवा. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात. पैसे यायला पिन कधीच लागत नाही. आणि पावती फोटो किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे मोबाइलमध्ये बसणारं ॲप, ते आत गेलं की ओटीपीचे मेसेज तिकडे वाचले जाऊ शकतात. "मी सांगतो तसं करा" म्हणत स्क्रीन शेअर करायला लावणाराही याच जातीचा.

देवस्थानांच्या भक्त निवासाच्या नावानेही हेच चालतं. तुळजापूरला अश्विन पौर्णिमेची गर्दी असो की परळी, औंढ्याला दिवाळीनंतरची, सर्चमध्ये सगळ्यात वर येणारा नंबर देवस्थानचाच असतो असं नाही. वरची जागा पैसे भरून जाहिरातीला मिळते. तीर्थयात्रा आणि हॉटेल बुकिंगच्या बनावट वेबसाइटांबद्दल केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल 2025 मध्ये देशभर इशारा दिला होता. पूजा, अभिषेक, व्हीआयपी दर्शन यांची ॲडव्हान्स कोणी फोनवर मागत असेल तर सरळ नाही म्हणा. मंदिराच्या काउंटरवर पावती फाडून मिळतं तेच खरं.

तपासायला दहा मिनिटं लागतात. आलेला फोटो गूगल लेन्समध्ये टाका. तोच फोटो दुसऱ्या राज्यातल्या हॉटेलच्या नावाने निघाला तर विषय संपला. नकाशावर जागा शोधा, पण तिथला नंबर डोळे झाकून लावू नका, कारण तिथे बदल कोणीही सुचवू शकतं. त्याऐवजी पाहुण्यांनी स्वतः टाकलेले जुने फोटो आणि वर्ष-दोन वर्षांपूर्वीचे अभिप्राय बघा. सगळे अभिप्राय एकाच आठवड्यातले आणि एकाच साच्यातले असतील तर तिथूनच मागे फिरा. व्हिडिओ कॉल करून "गेटपासून खोलीपर्यंत चालत दाखवा" म्हणा. खरा मालक रेंज मिळेल तिथून दाखवतो. खोट्याचा कॅमेरा त्याच दिवशी बिघडलेला असतो. पैसे पाठवताना यूपीआयवर येणारं नाव वाचा. रिसॉर्टच्या नावाऐवजी भलत्याच माणसाचं नाव आलं तर तो कोण, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. जीएसटी नंबर दिला असेल तर तो 15 अंकी-अक्षरी असतो, महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नाव-पत्ता दिसतो. छोट्या कृषी पर्यटन केंद्राकडे जीएसटी नसणं गैर नाही. त्याला पर्यटन संचालनालयाचं नोंदणी प्रमाणपत्र विचारा. राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणात तशी नोंदणी आहे.

आता एक फसवणूक अशी, जिच्यात जागा खरी असते आणि दृश्य खोटं. आपल्याकडचे धबधबे पावसावर जगतात. सौताडा, कपिलधार ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये धो धो कोसळतात, ऑक्टोबर सरता सरता धार बारीक होते आणि पाऊस कमी झालेल्या वर्षी नुसता ओला कडा उरतो. पैनगंगेवरच्या सहस्रकुंडाचंही पाणी नदीला किती आहे त्यावर चालतं. ऑगस्टचा रील दाखवून नोव्हेंबरच्या खोल्या विकणारे पुष्कळ आहेत. कायद्याने धरायला कठीण जातं, कारण खोली तर मिळालेली असते. बुकिंगआधी "आज सकाळचा व्हिडिओ पाठवा" एवढंच म्हणा, आणि शक्य तर गावातल्या एखाद्या हॉटेलवाल्याला किंवा ओळखीच्या शिक्षकाला फोन करून पाणी किती आहे ते विचारा.

पैसे गेलेच तर तासाभराच्या आत हालचाल करा. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा. हाताशी ठेवायच्या गोष्टी: यूपीआय व्यवहाराचा 12 अंकी संदर्भ क्रमांक, वेळ, रक्कम, ज्याला गेले त्याचा यूपीआय आयडी, आणि गप्पांचे स्क्रीनशॉट. समोरच्याने मेसेज पुसण्याआधी स्क्रीनशॉट काढा, आपण रागाने ब्लॉक करण्याआधी तर नक्कीच. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार आणि बँकेला लेखी कळवणं. वेळेला एवढं महत्त्व का, तर पैसा एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून एटीएममध्ये जायला फार वेळ लागत नाही. तो खात्यात आहे तोवरच गोठवता येतो. "तीन दिवसांत कळवलं की बँक भरून देते" अशी समजूत आहे, ती इथे उपयोगाची नाही. रिझर्व्ह बँकेचा तो नियम आपल्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. आपणच पिन टाकून पाठवलेले पैसे त्यात बसवणं अवघड जातं.

गाडीचं. संभाजीनगरहून अजिंठा साधारण 100 किलोमीटर, वेरूळ 30 च्या आसपास. गाडीवाला फोनवर किलोमीटरचा भाव सांगतो, समजा 14 रुपये. आपण 210 किलोमीटरचे 2,940 धरतो. संध्याकाळी बिल येतं 4,200 चं, कारण दिवसाला किमान 300 किलोमीटर लावायची पद्धत आहे. ती सांगितली असती तर काहीच तक्रार नव्हती. वर ड्रायव्हर भत्ता, टोल, पार्किंग, आणि गाडी आपल्या दारातून न मोजता त्याच्या गॅरेजपासून मोजलेली. झोपलेलं लेकरू खांद्यावर घेऊन रात्री नऊला कोण भांडणार? म्हणून आदल्या दिवशीच मेसेजवर हे लिहून घ्या: किमान किलोमीटर किती, मोजायचं कुठून कुठे, भत्ता किती, किती वाजल्यानंतर रात्रीचा आकार, टोल कोणाकडे. बसताना आणि उतरताना मीटरचा फोटो. गाडीची नंबर पाटी पिवळी, अक्षरं काळी असायला हवीत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. लेकरं मागे बसलेली असताना शे-दोनशे वाचवायला हा धोका नको.

अजून एक. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. जोडून सुट्टी आली की काही गाडीवाले हे माहीत असून सांगत नाहीत, आणि दारात पोहोचल्यावर "मग आता दुसरीकडे चला" म्हणून फेरी वाढवतात.

दोन्ही ठिकाणी 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. मोठ्या भारतीय माणसाला 40 रुपये. लेणीच्या तिकिटासोबत मुलांचेही पैसे कोणी गोळा करत असेल तर तो काउंटरचा माणूस नाही. अजिंठ्याला खासगी गाडी फर्दापूरच्या टी पॉइंटवर थांबते, तिथून पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जायचं. आपल्या खऱ्या गोंधळाची जागा हीच: बस कुठली, तिकीट कुठलं, स्वच्छतागृह कुठे. याच क्षणी एक गोड बोलणारा माणूस पुढे होतो, रस्ता दाखवतो आणि लेकराच्या मुठीत एक चकाकता खडा ठेवतो. "घे बाळा, भेट आहे, पैसे नकोत." दुकानाचं नाव सांगतो, परतताना नुसतं बघून जा म्हणतो. तीन-चार तासांनी दमून खाली उतरलात की तोच माणूस उभा असतो आणि लेकरू त्याला ओळखतं. "सकाळी शब्द दिला होता ना!" मग हजाराचा दगड दोनशेवर येतो आणि दोनशेही जास्तच असतात. उपाय सकाळीच करायचा: खडा लेकराच्या हातातून घेऊन नम्रपणे त्याच्या हातात परत. रडलं तर दोन मिनिटं रडेल.

दगड घ्यायचाच असेल तर हौसेने घ्या, आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात स्फटिक भरपूर आणि सुंदर असतात. पांढरा, धुरकट, फिका जांभळा, फिका हिरवा रंग नैसर्गिक असू शकतो. भडक गुलाबी, शाईसारखा निळा दिसला की भेगांकडे नीट बघा: रंग भेगेत साचून गडद झालेला असतो. ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघा, कच्चा रंग लगेच उतरतो. पक्का मात्र असा सापडत नाही, म्हणून भेगच जास्त सांगते. दोन अर्ध्या वाट्यांचा बंद दगड असेल तर कडा जुळतात का, डिंकाची रेघ आहे का, तेही पाहा.

डोली लागणार असेल, विशेषतः आजी सोबत असतील तर, दर फलकावर वाचून मगच बसवा. भाव एका बाजूचा की दोन्ही, वर किती वेळ थांबणार, मांडीवर लेकरू घेतलं तर जादा आहे का, हे चारही उचलणाऱ्यांसमोर बोलून घ्या. उचलणाऱ्यांचे कष्ट खरे आहेत, त्यांना कमी देऊ नये. भानगड करतो तो मधला ठरवणारा. घोडा आणि उंट यांचंही तसंच. आधी लेकरू वर बसवतात, भाव नंतर सांगतात, आणि "वीस रुपये" हे फेरीचे नसून फोटोचे निघतात. लेकराचा पाय जमिनीवर असेपर्यंत भाव ठरला पाहिजे.

रिसॉर्ट आणि वॉटर पार्कच्या गेटवर "मुलं फुकट" याचा अर्थ बदलतो. फोनवर वय सांगितलेलं असतं, गेटवर उंचीची पट्टी लावतात. पाच वर्षांचं पोर तीन फुटांच्या वर सहज जातं, आणि एवढ्या लांब येऊन परत कोण फिरतं? वय की उंची, जेवणात दूध-पाणी धरलंय का, बैलगाडी आणि ट्रॅक्टरची फेरी पॅकेजात आहे की वेगळी, पोहण्याच्या कपड्यांची अनामत किती आणि कधी परत, हे मेसेजवर उत्तर घेऊन स्क्रीनशॉट ठेवा. अनामतीची चिठ्ठी मिळाली नाही तर पैसे देऊ नका.

पाण्याची बाटली 20 ची 30 ला देऊन "कूलिंग चार्ज" म्हणणारे सगळीकडे आहेत. छापील किमतीपेक्षा दुकानदाराला जास्त घेता येत नाही, थंड केलं म्हणूनही नाही. बाटली आणि पैसे दिल्याची नोंद यांचा फोटो काढा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार होते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे झाकणाची कडी. ती आधीच तुटलेली असेल तर पाणी पुन्हा भरलेलं असू शकतं. दुधाची पावडर त्यात कालवू नका.

राहिलं सीताफळ. बीडच्या बालाघाटातल्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे त्याचं नाव घेऊन कुठलंही फळ विकलं जातं. कॅरेटमध्ये वर मोठी फळं, खाली लिंबाएवढी आणि मध्ये गवत. "दहा किलो" म्हणतात त्यात रिकाम्या कॅरेटचंच वजन दीड-दोन किलो असतं. गाडीतून न उतरता घेतलं की फसलंच. एकाने लेकरांजवळ थांबावं, दुसऱ्याने उतरून कॅरेट पाटीत उलटं करायला लावावं आणि फळं निवडून वजन करून घ्यावं. सालीवरचे डोळे रुंद उघडलेले, त्यांच्यामधली फट पिवळसर झालेली, हाताला जड लागणारं फळ दोन-तीन दिवसांत नीट पिकतं. डोळे मिटलेलं हिरवंगार फळ लवकर तोडलेलं असतं, ते घरी काळं पडतं पण गोड होत नाही. गाडीतच फोडलंत तर लहानांना बिया काढून गरच भरवा, आणि बिया चावू किंवा चुरडू देऊ नका, त्या विषारी असतात आणि त्यांचा चुरा डोळ्यात गेला तर भयंकर आग होते.