कैलास-मानसरोवराचा घडीचा नकाशा: पायवाट चोख, हद्दी गायब

ज्या संचाचे हे परीक्षण आहे तो दुकानात सुटा मिळत नाही. कैलास-मानसरोवराला यात्रेकरू नेणाऱ्या एका कंपनीने निघण्याच्या आदल्या बैठकीत पाठपिशवी, गळ्यातले ओळखपत्र आणि पातळ रेनकोट यांच्याबरोबर एक रंगीत घडीचा नकाशा आणि बत्तीस पानी मराठी पुस्तिका आमच्या हातावर ठेवली. वरचे बोधचिन्ह तेवढे बदललेले हेच संच वाटेत दुसऱ्या गटांतील लोकांकडेही दिसले, त्यामुळे कोणा एका कंपनीचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. कंपनी बदलली तरी हा नकाशा तुमच्याही पिशवीत येण्याचा संभव बराच आहे, म्हणून त्याच्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

महसूल खात्यात उमेदीची सगळी वर्षे गेल्यामुळे नकाशा हाती आला की आधी हद्द शोधायची, मग प्रमाण आणि मग गावे, ही माझी खोड आहे. या नकाशात हद्द शोधू लागलो तेव्हा भारत, नेपाळ आणि चीन यांच्या सीमा जाड रेघेने दाखवलेल्या सापडल्या. त्या रेघेच्या पलीकडे मात्र सगळा मुलूख एकाच फिकट पिवळ्या रंगात रंगवून सोडून दिलेला होता. तिबेट म्हणजे जणू एकच मोठे गावठाण असावे, तसा. या एका उणिवेमुळे पुढे काय काय घोटाळे झाले ते सांगण्याआधी नकाशाच्या चांगल्या बाजूची नोंद करणे न्यायाचे होईल.

मागच्या बाजूला कैलास परिक्रमेची जी स्वतंत्र चौकट आहे ती उत्तम आहे. दारचेनपासून दारचेनपर्यंतची सुमारे ५२ किलोमीटरची वाट, दिरापुक आणि झुथुलपुक हे दोन मुक्काम, ५,६३० मीटरवरची डोलमा खिंड, खिंडीच्या अलीकडची खडी चढण आणि पलीकडचा गुडघे मोडणारा उतार, हे सारे उंचीच्या आलेखासह दाखवलेले आहे. किती अंतरावर चहाचा तंबू, कुठे ओढा ओलांडायचा, घोड्यावरून कुठे उतरावे लागते, हे ज्याने लिहिले तो माणूस त्या वाटेने चालून आलेला आहे, यात मला शंका नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे हातमोजे न काढता ही चौकट विजेरीच्या उजेडात वाचता आली, यावरून अक्षरांचा आकारही किती विचारपूर्वक ठरवला आहे ते कळावे. कागद मात्र तितका बरा नाही. उभी आणि आडवी घडी बरोबर राक्षसतालावर एकमेकींना छेदतात आणि तिसऱ्या दिवशी माझ्या प्रतीत त्या सरोवराच्या जागी बोट जाईल एवढे भोक पडले.

आता मुख्य नकाशा. आम्ही नेपाळमधील सिमिकोटहून हिल्साला उतरलो, कर्णालीवरचा पूल पायी ओलांडला आणि पलीकडे बसमध्ये बसलो. त्या क्षणापासून परतीच्या वाटेवर तोच पूल पुन्हा ओलांडेपर्यंत आम्ही एकाच तालुक्यात होतो, ही गोष्ट नकाशावरून कळत नाही आणि पुस्तिकेच्या बत्तीस पानांत कुठेही सांगितलेली नाही. खोजरनाथचा मठ, पुरांग गाव, गुर्ला मांधाता शिखर, राक्षसताल, मानसरोवर, दारचेन आणि खुद्द कैलास पर्वत हे सगळे पुरांग काउंटीत येते. लिपुलेख खिंडीतून सरकारी यात्रेने जाणारेही याच काउंटीत उतरतात.

काउंटी म्हणजे आपल्या हिशेबाने तालुका. चिनी भाषेत तिला शियेन म्हणतात आणि तिबेटी भाषेत झोंग, म्हणजे मुळात गढी किंवा किल्ला. किल्ल्यावरून मुलखाचा कारभार चालत असे, हे शिवकालीन कागद चाळलेल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. काउंटीच्या वर प्रीफेक्चर, म्हणजे जिल्हा. पुरांगचा जिल्हा न्गारी, ज्याला चिनी कागदांत अली म्हणतात. न्गारीत गार, पुरांग, झांडा, रुतोग, गेग्याई, गेर्त्से आणि त्सोचेन अशा सात काउंट्या आहेत आणि जिल्ह्याचे ठाणे गार काउंटीत शिक्वान्हे येथे आहे. काउंटीच्या खाली गाव-शहरे आणि शियांग, म्हणजे आपल्या महसूल मंडळासारखे काही खेड्यांचे गट. पुरांग काउंटीत अशी तीनच एकके आहेत: दक्षिणेला पुरांग शहर, कैलासाच्या पायथ्याचे बारखा शियांग आणि मानसरोवराच्या ईशान्येचे होर शियांग. सातारा जिल्ह्यापेक्षा मोठ्या मुलखाचा कारभार तीन मंडळांत आटोपतो, हे वाचून जुन्या सहकाऱ्यांना हेवा वाटेल. पण माणसेच विरळ आहेत. सबंध न्गारी जिल्ह्याचा विस्तार सुमारे ३ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ महाराष्ट्राएवढा आहे आणि २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत होती.

एवढी माहिती नकाशाच्या एका कोपऱ्यात, पाच-सहा ओळींत मावली असती. तिच्याऐवजी पुस्तिकेत न्गारीला एका पानावर ‘प्रांत’ आणि दुसऱ्या पानावर ‘अली जिल्हा’ म्हटले आहे, पुरांगलाही ‘जिल्हा’च म्हटले आहे आणि दारचेनला ‘तालुक्याचे ठिकाण’ अशी बढती दिली आहे. तालुक्याचे ठिकाण दारचेन नव्हे. ते सुमारे शंभर किलोमीटर दक्षिणेला कर्णालीच्या खोऱ्यात वसलेले पुरांग शहर आहे. दारचेन हा परिक्रमेच्या आरंभाचा तळ आहे. यात्रेकरूंच्या दृष्टीने मोठे ते ठिकाण कारभारातही मोठे असते, हा समज आपल्याकडेही पुष्कळ आढळतो. छापील पुस्तिकेने तरी तो पसरवू नये.

सर्वांत मोठा गोंधळ नावांचा आहे. पुस्तिकेच्या शेवटी दिलेल्या सूचीत तकलाकोट, पुरांग आणि बुरांग ही तीन नावे तीन वेगवेगळ्या आकड्यांसमोर छापलेली आहेत. आमच्या गटातील सांगलीच्या एका काकूंनी पहिल्याच रात्री मला विचारले, “भाऊसाहेब, आज पुरांगला आहोत, तर तकलाकोटला कधी पोहोचायचे? पुस्तकात दोन्ही दिले आहेत.” त्यांना खिडकीतून बाहेर बोट दाखवून सांगावे लागले की हेच तकलाकोट. तकलाकोट हे नाव कुमाऊं आणि नेपाळकडून येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या आणि यात्रेकरूंच्या तोंडचे, मूळ तिबेटी तकला-खर यावरून आलेले. तिबेटीत खर म्हणजे किल्ला आणि आपला कोटही तोच. पुरांग हे तिबेटी नाव, बुरांग हे त्याचेच सरकारी रोमन लिपीतून आलेले रूप आणि पुलान हा चिनी उच्चार. बसवरच्या फलकावर आणि आमच्या परवान्यावर यांतले शेवटचे नाव होते, जे सूचीत मुळीच नाही. कैलासाच्या बाबतीतही हेच घडते. तिथला चालक ‘कांग रिनपोचे’ म्हणतो, मानसरोवराला ‘मापाम युम्त्सो’ म्हणतो आणि पुस्तिकेवर विसंबलेला यात्रेकरू त्याच्या तोंडाकडे पाहत राहतो. शिवाय कैलासाची उंची मुख्य नकाशावर ६,७१४ मीटर आणि मागच्या चौकटीत ६,६३८ मीटर अशी दोन प्रकारे छापली आहे. पहिला आकडा जुना, दुसरा अलीकडचा. एकाच कागदाच्या दोन बाजूंनी तरी आपसांत ठरवून घ्यायला हवे होते.

हद्द न दाखवल्याचा प्रत्यक्ष फटका तीर्थपुरीच्या वेळी बसला. नकाशावर दारचेनच्या पश्चिमेला तीर्थपुरीचा ठळक केशरी ठिपका आहे आणि शेजारी उष्ण झऱ्यांचे सुबक चित्र आहे. परिक्रमा एक दिवस लवकर आटोपल्यामुळे गटातील आठ-दहा जणांनी तिथे जाऊन येण्याचा आग्रह धरला. मार्गदर्शकाने परवान्याची प्रत काढून तिच्यावरील चिनी ओळींवर बोट फिरवले आणि शांतपणे सांगितले, “साहेब, यादीत फक्त पुलान आहे. तीर्थपुरी गारमध्ये येते.” परकीय प्रवाशांना तिबेटमध्ये कागदावर लिहिलेल्या ठिकाणांपुरतीच मुभा असते, त्यामुळे पुढे बोलण्यासारखे काही उरले नाही. ठिपक्याच्या आणि दारचेनच्या मधून काउंटीची एक तुटक रेघ गेलेली असती तर आम्ही निघण्यापूर्वीच कंपनीला विचारले असते आणि परवान्यात गारचे नाव घालून घेतले असते. काही जणांनी मार्गदर्शकावर राग काढला, तो अस्थानी होता.

असाच गोंधळ नद्यांच्या उगमांचाही केला आहे. चार नद्या कैलासाच्या चार दिशांना उगम पावतात, या श्रद्धेचे चित्र पुस्तिकेत आहे आणि ते असायलाही हवे. पण त्याच्या खाली ‘सर्व उगम परिक्रमा मार्गावरून दिसतात’ असे वाक्य आहे, ते कोणी लिहिले हे समजत नाही. सिंधूचा उगम कैलासाच्या उत्तरेला गेग्याई काउंटीत आहे आणि ब्रह्मपुत्रेचा आंगसी हिमनदीकडचा उगम पुरांग काउंटीच्याच पूर्व टोकाला आहे; दोहोंपैकी एकही परिक्रमेच्या वाटेवरून दिसत नाही. पूर्वेकडची मायूम ला ही खिंड न्गारी आणि शेजारचा शिगात्से मुलूख यांच्यामधली शीव आहे आणि नेपाळ सीमेवरच्या केरुंगमार्गे येणारे यात्रेकरू ती ओलांडूनच या जिल्ह्यात प्रवेश करतात. नकाशात खिंडीचे नाव आहे, पण ती शीव असल्याचे नाही.

इतिहासाचे पान सर्वांत निराशाजनक आहे, कारण सांगण्यासारखे इतके असताना त्यात तिबेटवर चालून गेलेले जम्मूचे सेनापती जोरावरसिंग यांच्या १८४१ मधील मृत्यूपलीकडे काही नाही. दारचेनचा मठ आणि भोवतालच्या काही जागा पूर्वी भूतानच्या ताब्यात होत्या आणि भूतानचा नेमलेला अधिकारी तिथे राहून कारभार पाहत असे. ही व्यवस्था १९५९ पर्यंत टिकली. त्याहून विलक्षण गोष्ट मिन्सर गावाची आहे. १६८४ च्या तहात लडाखच्या राजाने तिबेटच्या मुलखातले हे एकच गाव स्वतःकडे राखून ठेवले, आणि ते कशासाठी, तर त्याच्या वसुलातून कैलास, मानसरोवर आणि राक्षसताल येथील दिव्यांचा खर्च भागावा म्हणून. आमच्या भाषेत हे चक्क दिवाबत्तीचे इनाम झाले. लडाख जम्मूच्या राजांकडे गेल्यावर हे गावही त्यांच्याकडे गेले आणि विसाव्या शतकातही काश्मीरचे लोक तिथला वसूल नेत असत. आज हे गाव गार काउंटीत, तीर्थपुरीच्याच भागात आहे. देवस्थान इनामांच्या फायली ज्याने उपसल्या आहेत त्याला या एका ओळीसाठी सगळी पुस्तिका माफ करता आली असती; पण ती ओळ त्यात नाही.

एका किरकोळ पण उपयोगी सूचनेची नोंद करतो. पुस्तिकेतील वेळापत्रकात सूर्योदय, जेवण आणि प्रस्थान यांच्या वेळा बीजिंगच्या घड्याळाप्रमाणे, म्हणजे आपल्या वेळेच्या अडीच तास पुढे दिलेल्या आहेत, पण तसे कुठे लिहिलेले नाही. पुरांगचे रेखांश ८१ अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्या प्रमाणवेळेच्या रेखेजवळ असल्यामुळे पोट आणि सूर्य भारतीय वेळेने चालतात आणि कचेऱ्या बीजिंगच्या. सकाळी आठला न्याहारी म्हणजे आपल्या साडेपाचला, भल्या पहाटे. आमच्यापैकी निम्मे लोक पहिल्या दिवशी जेवणघराच्या बंद दारासमोर तरी उभे होते किंवा अंथरुणात तरी.

एकूण गुण द्यायचे तर परिक्रमेच्या चौकटीला पाचपैकी साडेचार, मुख्य नकाशाला दोन आणि पुस्तिकेला दीड. संचाचे वेगळे पैसे पडत नाहीत, पण यात्रेचा खर्च पाहता तो फुकट मिळाला असे कोणी म्हणू नये. ज्यांना तो मिळेल त्यांनी मागची बाजू नि:शंक वापरावी; निघण्यापूर्वी कंपनीकडून परवान्यातील काउंट्यांची नावे लिहून घ्यावीत आणि तकलाकोट, पुरांग, बुरांग, पुलान ही चार नावे एका ओळीत पुस्तिकेच्या मलपृष्ठावर उतरवून ठेवावीत.

माझ्या प्रतीतील राक्षसतालाचे भोक मी मागून चिकटपट्टी लावून बुजवले आहे आणि मायूम ला पासून पश्चिमेकडे पेन्सिलीने पुरांगची हद्द अंदाजाने ओढली आहे. काकूंच्या नणंदा पुढच्या हंगामात जाणार आहेत, त्यांनी ती प्रत मागवून घेतली. तीर्थपुरीच्या ठिपक्यापाशी ‘गार, परवान्यात बघणे’ एवढे लिहून दिले आहे.