खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी १/१० एचपी चिलर : उन्हाळा, पावसाळा आणि ऑक्टोबर हीट काढल्यानंतर

निष्कर्ष आधीच सांगतो. ठाणे-डोंबिवलीच्या दमट हवेत मासे आणि प्रवाळांचा २०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक ठेवायचा असेल तर चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, लागतोच. हाच टँक पुण्यात असता तर मी चिलर घेतला नसता, दोन पंख्यांवर भागवलं असतं. हा फरक दुकानात कोणी समजावून सांगत नाही, आणि पैसे वाचतात किंवा वाया जातात ते नेमके इथेच.

पंखा पाणी गार करतो तो वाफेच्या जोरावर. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता सोबत नेतं. बाहेरून नवी उष्णता आलीच नाही असं धरलं तर तेवढ्यात २०० लिटर पाणी जवळजवळ तीन अंशांनी उतरायला हवं. पण पाणी किती उडणार हे हवा ठरवते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असते, तेव्हा ओल्या फडक्याचं तापमान (वेट बल्ब) २१-२२ अंशांवर असतं. आमच्याकडे मेमध्ये हॉलमध्ये ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असली की तेच २८ च्या वर जातं. पंखा कितीही मोठा लावा, पाणी त्या रेषेखाली जाणार नाही. म्हणजे पुण्यात ऊन जास्त, पण टँक गार ठेवणं सोपं. इथे ऊन कमी, तरी पंखा २९ अंशांवर हात टेकतो. शिवाय पंख्याने रोज तीन-चार लिटर पाणी उडालं की मीठ मागेच राहतं. टॉप-अप (उडालेल्या पाण्याइतकं गोडं पाणी भरणं) चुकला तर सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा, दर हजारी) एका दिवसात ३५ वरून ३५.७ च्या आसपास जाते. तेव्हा पंखे लावणाऱ्यांनी एटीओ (हे पाणी आपोआप भरणारं यंत्र) आणि भरपूर आरओ पाणी त्याच खर्चात धरावं.

चिलर फेब्रुवारीत घेतला. कंप्रेसरचा, १/१० एचपी, आत टायटॅनियमची कॉइल. खाऱ्या पाण्यासाठी टायटॅनियमच हवं. तांब्याला मीठ खातं, आणि पाण्यात उतरलेलं तांबं कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांच्यासाठी विष असतं. गोड्या पाण्याच्या टँकमधला जुना चिलर कोणी स्वस्तात देत असेल तर आधी कॉइल कशाची आहे ते विचारा. बॉक्सवर ३०० लिटरपर्यंत असं छापलेलं आहे. आमच्या मे महिन्यात २०० लिटर हीच त्याची मर्यादा वाटली. माझा टँक ३०० चा असता तर मी सरळ पुढच्या साइजचा घेतला असता.

या सगळ्या महिन्यांत सर्वात जास्त फरक कशाने पडला असेल तर चिलर ठेवायच्या जागेने. चिलर उष्णता नाहीशी करत नाही. पाण्यातली उष्णता काढून तो बाजूच्या हवेत टाकतो, वर कंप्रेसरची स्वतःची उष्णता वेगळी. टँकच्या खालच्या कपाटात ठेवला तर तीच गरम हवा तो पुन्हा ओढतो, आणि संपच्या (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीच्या) डोक्यावरच भट्टी पेटते. हॉलमध्ये ठेवला तर हॉल तापतो, आणि तापलेला हॉल टँकला पुन्हा तापवतो. मी तो ड्राय बाल्कनीत ठेवला आहे. भिंतीला भोक पाडून दोन्ही पाइप बाहेर काढले आणि त्यांच्यावर एसीच्या पाइपला लावतात ती काळी फोमची नळी चढवली. चारी बाजूंनी वीतभर जागा मोकळी आहे. आवाजही त्यामुळे बाहेरच राहतो. कंप्रेसर सुरू होतानाचा धक्का रात्रीच्या शांततेत चांगलाच ऐकू येतो, त्यामुळे बेडरूममध्ये टँक असलेल्यांनी याचा आधी विचार करावा.

पाणी तापवणारी दुसरी गोष्ट टँकमध्येच असते. संपमध्ये बुडवलेला, पाणी टँकमध्ये परत चढवणारा ४० वॉटचा रिटर्न पंप दिवसभरात सुमारे एक युनिट वीज खातो आणि ती जवळजवळ सगळी शेवटी पाण्यात उष्णता म्हणून उतरते. हिशोब केला तर २०० लिटरला दिवसाला चार अंश. अर्थात त्यातली बरीच काचेतून आणि वाफेतून निघून जाते, पण उरलेली चिलरलाच ओढावी लागते. कमी वॉटचा डीसी पंप बसवल्यावर चिलरचा चालू राहण्याचा वेळ डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला. चिलर घेण्याआधी पंप बदला असं मी आता सगळ्यांना सांगतो.

सेटिंग २६ अंश. चिलरच्या पॅनेलवरचा आकडा चिलरच्या आतल्या पाण्याचा असतो, टँकचा नाही. माझ्याकडे दोन्हींत अर्ध्या अंशाचा फरक आहे. म्हणून एसटीसी-१००० हा साधा तापमान कंट्रोलर लावला आणि त्याचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) संपमध्ये सोडला. आधी तो बर्फाच्या चुऱ्याच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का ते तपासलं होतं. चिलर २६.५ ला सुरू, २५.८ ला बंद. कंप्रेसर डिलेचं (बंद झाल्यावर पुन्हा सुरू होण्याआधीच्या थांब्याचं) सेटिंग तीन मिनिटांच्या खाली आणू नका. वीज जाऊन लगेच परत आली की कंप्रेसर दाबाखाली सुरू व्हायला बघतो आणि तिथेच जळतो. आमच्या भागात पावसाळ्यात वीज अशी ये-जा करतच असते.

२६ च का, असं बरेच जण विचारतात, कारण मे महिन्यात आपला समुद्रही तापलेलाच असतो. पण तापलेल्या समुद्राचे परिणाम आपण बघतोच आहोत. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातल्या प्रवाळ विरंजनाची चौथी लाट जाहीर झाली, लक्षद्वीपची प्रवाळंही त्यात पांढरी पडली. नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा एक अंश जास्त पाणी काही आठवडे टिकलं तरी प्रवाळ आपल्या पेशींतलं शैवाल बाहेर टाकू लागतं. समुद्रात निदान खोली आहे, प्रवाह आहे. काचेच्या डब्यातल्या जिवाला जायला जागाच नाही. त्यात ३१ अंशांच्या पाण्यात २६ च्या मानाने ऑक्सिजन सात-आठ टक्के कमी मावतो, आणि माशांना मात्र तो जास्त लागतो.

माझ्याकडे क्लाउनफिशची जोडी, एक गोबी मासा, झोआ आणि एक लेदर कोरल (दोन्ही दगडी सांगाडा नसलेले प्रवाळासारखे जीव) आहे. दगडी प्रवाळ ठेवत नाही. ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, आणि तारकर्लीच्या पाण्यात ते जिवंत बघितल्यावर घरात आणायची इच्छाही उरली नाही. चिलर येण्याआधी पाणी दुपारी ३०.५ आणि पहाटे २८ असं हलायचं. लेदर दुपारी मिटून बसायचा, झोआ अर्धवट उघडायच्या. आता दिवसभरातला चढउतार एका अंशाच्या आत आहे आणि लेदर दिवे लागल्यापासून पूर्ण फुललेला असतो. क्लाउनफिश पहाटे पाण्याच्या वर येऊन तोंड मारायचे, तेही थांबलं. माझ्या मते आकडा २६ आहे की २७ यापेक्षा तो हलत नाही याचं मोल जास्त आहे.

विजेचं सांगायचं तर प्लेटवर १७० वॉट आहे. प्लग मीटर लावून बघितलं : मेमध्ये दिवसाला दोन-अडीच युनिट, पावसाळ्यात एकाच्या खाली. ऑक्टोबर हीटमध्ये पुन्हा जवळपास मेइतकंच. दिवाळीनंतर तो क्वचितच सुरू होतो. पुणे-नाशिककरांना मात्र थंडीत हीटरही लागेल. तोही त्याच कंट्रोलरवरून २५ च्या खालीच सुरू होईल असा ठेवावा, म्हणजे दोघं एकमेकांविरुद्ध चालत बसणार नाहीत.

तक्रारी दोन. सोबत आलेले प्लास्टिकचे नट मऊ आहेत, पान्याने जरा जास्त आवळले तर आटे जातात. आणि जाळीचा फिल्टर काढायला चार स्क्रू खोलावे लागतात, जे दर पंधरा दिवसांनी करण्याचं काम आहे. बाल्कनीतली धूळ आणि कबुतरांची पिसं जाळीत बसली की चिलर चालू राहतो, पण पाणी उतरत नाही. दर तीन महिन्यांनी कॉइलमधून सायट्रिक ॲसिडचं पाणी अर्धा तास फिरवतो आणि मग आरओने धुतो, त्याने प्रवाह पुन्हा पहिल्यासारखा होतो.

वीज दीर्घकाळ गेली तर चिलर इन्व्हर्टरवर टाकू नका, इन्व्हर्टर वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलवणारा पंप) आणि एअर पंपासाठी राखा. फ्रीझरमध्ये आरओ पाण्याच्या एक लिटरच्या बाटल्या गोठवून ठेवा. बंद बाटली संपमध्ये सोडली की २०० लिटर पाणी साधारण अर्धा अंश उतरतं. एका वेळी एकच, आणि ती पूर्ण वितळल्यावरच दुसरी.