मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचं प्रेशर मोजणारा) बदलून सात महिने झाले, माझा अनुभव

पुण्यात वापरतो, 1.2 पेट्रोल हॅचबॅक, 9 वर्षं जुनी. मागच्या पावसाळ्यात अ‍ॅव्हरेज 16 वरून 11 वर आलं, सकाळी स्टार्ट मारला की पार्किंगभर पेट्रोलचा वास आणि सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं तर काळीकुट्ट काजळी. गॅरेजवाल्याने आधी प्लग बदलले मग इंजेक्टर क्लीनिंग केलं, साडेचार हजार गेले, गाडी जशीच्या तशी. खूप मनस्ताप झाला.

मग स्वतःच ब्लूटूथ स्कॅनर घेतला, गाडीच्या सेन्सरची रीडिंग दाखवणारा. इंजिन बंद, फक्त चावी ऑन. अशा वेळी मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या पाइपात) बाहेरच्याइतकंच प्रेशर असतं, म्हणजे पुण्यात 94-95 किलोपास्कल यायला पाहिजे, माझं दाखवत होतं 105! एवढं तर मुंबईत समुद्राकाठीपण नसतं. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) 35 च्या आसपास हवं तिथे 45. आता ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) काय करतो, हे प्रेशर, हवेचं तापमान आणि आरपीएम यावरून सिलिंडरमध्ये किती हवा गेली ते काढतो, 14.7 ग्रॅम हवेला 1 ग्रॅम पेट्रोल या हिशोबाने इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा ते ठरवतो. सेन्सरनेच हवा वाढवून सांगितली तर इंजेक्टर कितीपण साफ करा, पेट्रोल जास्तच पडणार. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन बघणारा ऑक्सिजन सेन्सर बिचारा मागून सावरत होता, फ्युएल ट्रिम (पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करायचं ती दुरुस्ती) उणे 20 पर्यंत गेलेला, पण इंजिन थंड असताना ईसीएम त्याचं ऐकतच नाही, म्हणून तो सकाळचा वास.

ओरिजिनल सेन्सर अडीच हजारात मिळाला. एकच स्क्रू, दहा मिनिटांचं काम, ओ-रिंग (रबरी सील) मात्र नवीनच टाका. त्याच दिवशी आयडलला 34 आलं, ट्रिम आठवडाभरात उणे 2-3 वर, अ‍ॅव्हरेज परत साडेपंधरा. सात महिन्यांत 6000 किमी झाले, रीडिंग हललेलं नाही.

डिसेंबरात महाबळेश्वरला गेलो तेव्हा वर पोचल्यावर मुद्दाम चावी ऑन करून बघितलं, 86! तिथल्या विरळ हवेत एवढंच यायला हवं. इतका आनंद झाला की बायकोलापण स्क्रीन दाखवली. बाबांची जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी पसरणी घाटात काळा धूर सोडत दमायची, हवा विरळ झाली तरी पेट्रोल त्या मानाने कमी होत नसे ना. ही मात्र आरामात चढली.

तक्रार एकच, जुन्या वायरिंगची कनेक्टर क्लिप आता ढिली बसते, पुढच्या सर्व्हिसिंगला ती बदलून घेणार आहे.