ऑफिसमधला टोस्टमास्टर्स क्लब: आठ-नऊ महिने वापरून झाल्यावर

टोस्टमास्टर्स म्हणजे लोकांसमोर बोलण्याचा सराव करायचे क्लब चालवणारी संस्था, आणि आमच्या ऑफिसात तिचा एक क्लब आहे. आधी निकाल सांगून टाकते. पहिल्या सहामाहीची वर्गणी संपली तेव्हा मी ती पुन्हा भरली, आणि या खेपेला कंपनीने अर्धा वाटा उचलला नव्हता. वर्गणी डॉलरमध्ये ठरते: सहा महिन्यांचे ६० डॉलर, आणि नव्या सभासदाला वर एकदाच २० डॉलर. आपल्या रुपयांत पाच हजारांच्या पुढे जातं. एवढ्या पैशांत नागपुरात काय काय येतं हे मला ठाऊक आहे, म्हणून हिशेब वरच मांडला. पण क्लब आवडण्याचं माझं कारण इतर सगळे सांगतात ते नाही. भीती गेली, आत्मविश्वास आला वगैरे थोडंफार झालं. खरा फायदा झाला तो ऐकण्याचा, आणि तो माईकसमोर उभं राहून नाही, मागच्या खुर्चीत बसून झाला.

मी नागपूरच्या मिहान भागातल्या एका आयटी कंपनीत टेस्टिंगला आहे. सॉफ्टवेअरमधला दोष, म्हणजे बग, आम्ही शोधायचा आणि क्लायंटच्या कॉलवर तो समजावून सांगायचा मॅनेजरने, अशी इकडची जुनी वाटणी. ती मोडायची होती म्हणून गेले. आमचा क्लब फक्त कंपनीतल्या लोकांसाठी आहे. नवा क्लब नोंदवायला साधारण २० सभासद लागतात, आणि एचआरने ते २० कसे जमवले ही एक वेगळी कथा आहे. निम्म्यांना वाटलं होतं, हे ट्रेनिंग आहे, प्रमाणपत्र मिळेल, अप्रेझलला दाखवता येईल.

ट्रेनिंग हे नव्हेच. इथे शिकवणारा कोणी नाही, हे पचायला वेळ लागतो. १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावात राल्फ स्मेडली यांनी वायएमसीएच्या जागेत हा प्रकार सुरू केला, तेव्हापासून तत्त्व तेच: सभासदांनीच बोलायचं आणि सभासदांनीच एकमेकांना दुरुस्त करायचं. ‘पाथवेज’ नावाचा पाच पातळ्यांचा अभ्यासक्रम ऑनलाइन असतो, तो ज्याने त्याने आपल्या वेळेत वाचायचा. बाकी सगळं त्या तासाभराच्या मीटिंगमध्ये.

आमची मीटिंग बुधवारी दुपारी, तिसऱ्या मजल्यावरच्या कॉन्फरन्स रूममध्ये. एक जण सूत्रसंचालन करतो, त्याला टोस्टमास्टर ऑफ द डे म्हणतात. एक वेळ पाहणारा टायमर, एक अडखळणं मोजणारा आ-काउंटर, एक भाषेवर लक्ष ठेवणारा ग्रामेरियन, दोन-तीन वक्ते आणि जितके वक्ते तितके इव्हॅल्युएटर, म्हणजे भाषणाचं मूल्यमापन करणारे. भूमिका दर वेळी बदलतात. बाहेरून बघणाऱ्याला हे नाटकी वाटतं, टाळ्या तर उठसूट वाजतात. आमच्या अॅडमिनच्या भाऊंनी एकदा दारातून डोकावून विचारलं होतं, "काऊन जी ताई, रोज कोणाचा वाढदिवस राह्यते इथं?"

पहिलं भाषण म्हणजे आइस ब्रेकर. स्वतःविषयी चार ते सहा मिनिटं. चार मिनिटांना हिरवं कार्ड, पाचला पिवळं, सहाला लाल, आणि पुढे-मागे अर्ध्या मिनिटाची सूट. आमच्याकडे कार्डं म्हणजे स्टेशनरीतल्या प्लॅस्टिकच्या फायली. घरून काम असलेल्या दिवशी टायमर स्क्रीनच्या मागचा रंगच बदलतो. पाहुण्यांना हे कार्डांचं प्रकरण पोरकट वाटतं, पण मला विचाराल तर बोलणाऱ्यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट हीच. ज्या गावाने प्रा. राम शेवाळकरांची व्याख्यानं मन लावून ऐकली, त्याच गावात "दोनच शब्द बोलतो" म्हणून उठलेला माणूस पाऊण तास खाली बसत नाही. हिरवी फाईल वर गेली की बोलणाऱ्याला कळतं, आपण अजून प्रस्तावनेतच आहोत. ती जाणीव कुठल्याही पुस्तकाने मला दिली नसती.

शाळा-कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा गाजवलेल्यांना इथे पहिले महिने जड जातात, हे मी दोन-तीन जणांच्या बाबतीत पाहिलं. पाठ केलेलं, आवाज चढवत नेलेलं, शेवटी कवितेच्या ओळी आणि उंचावलेला हात. परीक्षकांसमोर ते चालायचं. दहा माणसं टेबलाभोवती, तीन फुटांवर बसलेली असताना ते चालत नाही, कारण समोरच्याला वाटतं आपल्याला कोणी भाषण ठोकतंय. उलट सपोर्टमधला एक मुलगा, जो एरवी "हो जी, करून राहिलो जी" यापलीकडे बोलत नव्हता, त्याने पहिल्या भाषणात रात्रपाळीला सर्व्हर बसला तेव्हा नेमकं काय झालं ते सांगितलं. आवाज बारीक, नजर टेबलावर, पण एकही माणूस मोबाइलकडे वळला नाही.

आता मूल्यमापनाविषयी, कारण सगळा जीव तिथे आहे. भाषण झालं की इव्हॅल्युएटर दोन ते तीन मिनिटांत सगळ्यांसमोर सांगतो, काय जमलं आणि पुढच्या वेळी काय बदलायचं. हे दिसतं सोपं. माझी पहिल्यांदा पाळी आली तेव्हा भाषण ऐकता ऐकता कागदावर काही उतरेना. "छान बोलल्या, मुद्दे स्पष्ट होते" याला काही अर्थ नसतो, कारण बोलणाऱ्याने उद्या नेमकं काय करायचं ते त्यात नसतं. आमच्या क्लबात फायनान्सच्या एक मॅडम आहेत, त्या काय करतात ते बघून मी शिकले. त्यांनी त्या सपोर्टच्या मुलाला सांगितलं होतं: "तुमचे हात सुरुवातीपासून खिशात होते. मॉनिटरवर लाल दिवा लागला असं म्हणालात तेव्हा उजवा हात बाहेर आला आणि बोट वर गेलं. तुमचं भाषण तिथे सुरू झालं. पुढच्या वेळी पहिलं वाक्यच तिथून घ्या." झालं. एवढंच. त्याने पुढच्या भाषणाला तसंच केलं, आणि आधीचं दीड मिनिट वाया जायचं ते वाचलं.

पाथवेजमध्ये एक प्रकल्प तर यासाठीच आहे: एक भाषण द्यायचं, मिळालेल्या सूचना घ्यायच्या, आणि पुढच्या भाषणात त्या उतरवून दाखवायच्या. मी तेच भाषण बदलून पुन्हा दिलं. ज्यांनी आधीचं ऐकलं होतं तेच समोर होते, त्यामुळे पळवाट नव्हती.

याचा परिणाम कामावर कसा झाला ते सांगते. पूर्वी क्लायंट बोलत असताना मी मनात माझं उत्तर जुळवत असायची. आता हातात पेन असतं आणि तो कुठे अडखळला, कोणता शब्द परत परत आला, हे टिपलं जातं. तो दोनदा ‘महिनाअखेर’ म्हणाला तर त्याची चिंता बगाची नाही, बिलिंगची आहे. मग उत्तर तिथूनच सुरू करायचं. कॉलवर आता मी बोलते, हे खरंच. पण आधी नीट ऐकायला लागले म्हणून बोलू शकते.

आ-काउंटरचं काम मात्र फार मनावर घेऊ नये. तो ‘अं’, ‘सो’, ‘बेसिकली’, ‘यू नो’ मोजतो आणि शेवटी आकडे वाचून दाखवतो. सुरुवातीला त्या आकड्याचा एवढा धसका बसतो की माणूस अर्थ सोडून अडखळण्यावरच पहारा देतो. थोडं कमी झालं की पुरे.

टेबल टॉपिक्स हा सगळ्यात रंगणारा भाग. विषय आयत्या वेळी, बोलायचं एक ते दोन मिनिटं. चांगला सूत्रधार आधी प्रश्न विचारतो आणि मग नाव घेतो, म्हणजे तेवढी दहा सेकंदं खोलीतल्या सगळ्यांचीच छाती धडधडते. "कँटीनमध्ये तर्री-पोहा फक्त शुक्रवारी का असावा?" यावर आमचा एक डेव्हलपर पोह्यांच्या बाजूने असा काही लढला की कँटीनवाल्याला बोलावून ऐकवावं असं वाटलं. मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीसचं ऊन असताना, बाकी काही नाही तरी या वीस मिनिटांसाठी लोक आपली जागा सोडून यायचे.

आता उणी बाजू, आणि ती आमच्या क्लबाची आहे, सगळ्यांकडे असेलच असं नाही.

एक म्हणजे गोडवा जरा जास्त होतो. आधी कौतुक, मध्ये सूचना, शेवटी कौतुक, अशी सँडविचची रीत असते, आणि आमच्याकडे मधलं हळूहळू पातळ होत गेलं. त्यातून ऑफिस आलं की पदं आली. डिलिव्हरी हेड भाषण देणार आणि वर्षभरापूर्वी रुजू झालेली मुलगी त्यांचं मूल्यमापन करणार, हे ऐकायला झकास वाटतं. प्रत्यक्षात तिने तीन मिनिटं फक्त स्तुती केली, आणि सरांनी वीस स्लाइड वाचून दाखवल्या होत्या हे कोणीच बोललं नाही. सरांनाच ते खटकलं असावं, कारण नंतर त्यांनी फायनान्सच्या मॅडमना मागून घेतलं. त्या कोणालाच रिपोर्ट करत नाहीत अशा थाटात बोलतात. माझं मत असं की आपल्या साखळीतल्या वरच्या माणसाचं मूल्यमापन आपल्याला द्यायचंच नाही, हा नियम ऑफिसातल्या क्लबाने पहिल्या दिवशी करावा.

दुसरी गोष्ट हजेरीची. रिलीजच्या आठवड्यात पाच-सहा डोकी येतात आणि एकच माणूस टायमर, ग्रामेरियन आणि इव्हॅल्युएटर होतो. मग काहीच धड होत नाही. शिवाय समोर तीच ती माणसं, आपल्या बाजूची. चिडलेला क्लायंट, मध्येच तोडणारा माणूस, "याचा पुरावा काय?" म्हणणारा, हे इथे भेटत नाहीत. त्या सरावासाठी क्लब पुरा पडत नाही. आम्ही दोघी-तिघी भाषण झाल्यावर कँटीनमध्ये मुद्दाम उलटे प्रश्न विचारतो, ती आमची आमची सोय.

भाषेचं म्हणाल तर आमच्याकडे सगळं इंग्रजीत चालतं, कामाची भाषा ती आहे म्हणून. संस्थेचा तसा हट्ट नाही, इतर भाषांतले क्लबही असतात. आईच्या शाळेतल्या निरोप समारंभात मला मराठीत बोलायचं होतं तेव्हा वाटलं होतं की इथलं काही उपयोगी पडणार नाही. पडलं. ‘व्यासपीठावरील मान्यवर’ पासून सुरू होणारी लांबलचक यादी मी गाळली, आई सकाळी सातच्या शाळेसाठी पावसात सायकल काढायची तिथून सुरुवात केली आणि पाच मिनिटांत बसले. माझ्यानंतरचे पाहुणे काही बसेनात. मी सवयीने पर्समध्ये लाल फाईल शोधत होते.

कोणी जावं? ज्याला कॉलवर, डेमोला, टीमसमोर बोलावं लागतं आणि जो दर आठवड्याचा तास खरोखर काढू शकतो त्याने. फक्त भाषण देऊन निघून जायचं असेल तर पैसे वाया. टायमर आणि इव्हॅल्युएटरच्या भूमिका मागून घ्या, त्या कोणी हौसेने घेत नाही, त्यामुळे लगेच मिळतात. पैसे भरण्याआधी पाहुणे म्हणून दोनेक मीटिंगला बसा, आणि भाषणांकडे कमी, मूल्यमापनाकडे जास्त लक्ष द्या. तिथे सगळेच "फारच सुंदर" म्हणत असतील तर दुसरा क्लब बघा. कंपनीत क्लब नसला तर शहरात सगळ्यांना खुले असलेले क्लब आहेत, संस्थेच्या वेबसाइटवर गावाचं नाव टाकलं की यादी येते. वर्गणी एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये नव्याने भरायची असते, त्या बेताने जा.