कोल्हापूर एअरपोर्टचा रिव्ह्यू, पण खिडकीतून नाही, कॉकपिटमधून

रेटिंग: ५ पैकी ४. एक स्टार का कापला ते खाली येईलच.

कोल्हापूर एअरपोर्टचे रिव्ह्यू वाचले तर बहुतेक सगळे टर्मिनलबद्दल असतात. दगडी कमानी किती भारी, आत आल्यावर आपल्या भवानी मंडपाची आठवण येते, स्वच्छता चांगली, फोटो मस्त येतात. सगळं खरं आहे. १० मार्च २०२४ ला नवीन टर्मिनलचं उद्घाटन झालं तेव्हा मलाही भरून आलं होतं, कारण मी इथलाच, आमचं घर कागलच्या अलीकडं, बाबा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फाउंड्रीला होते आणि लहानपणी त्यांचा डबा द्यायला गेलो की मी उजळाईवाडीच्या त्या मोकळ्या पट्टीकडं बघत उभा राहायचो, विमान येईल म्हणून. बहुतेक वेळा यायचं नाही. आता मी एटीआरवर, म्हणजे प्रोपेलरच्या छोट्या प्रवासी विमानावर, को-पायलट आहे आणि त्याच पट्टीवर उतरतो. म्हणून हा रिव्ह्यू टर्मिनलचा नाही, रनवेचा आहे, कारण पॅसेंजरला टर्मिनल दिसतं पण त्याला सुखरूप पोचवतो तो रनवे, आणि त्याच्यावर झालेल्या कामाबद्दल कुणीच काही लिहिलेलं मला दिसलं नाही.

मागच्या महिन्यात सुट्टीवर घरी होतो, तेव्हा आमच्या एक कॅप्टन मॅडम आणि माझे जुने इन्स्ट्रक्टर सर दोघं एकाच दिवशी कोल्हापुरात होते. मिसळ खायला बसलो आणि दोन तास नुसतं रनवेवर बोलणं चाललं, शेजारच्या टेबलवरचे काका शेवटी विचारायला आले की तुम्ही पीडब्ल्यूडीत आहात का. त्या गप्पांतलंच बरंचसं इथं लिहितोय.

आधी थोडं मागचं. हा एअरपोर्ट आजचा नाही, १९३९ मध्ये छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात सुरू झालेला आहे. पण मधली कित्येक वर्षं शेड्यूल्ड फ्लाइट म्हणजे आज आहे उद्या नाही असंच होतं. छोटी शहरं विमानानं जोडायची सरकारची उडान योजना आली आणि २०१८ पासून गाडी पुन्हा रुळावर आली. अडचण एकच होती, रनवे १३७० मीटर. आता सामान्य माणसाला १३७० मीटर म्हणजे बक्कळ वाटतं, दीड किलोमीटरला थोडं कमी, एवढ्या अंतरात मोटरसायकल शंभरच्या वर जाऊन परत थांबते. पण विमानाचं गणित वेगळं असतं आणि ते समजून घेतल्याशिवाय या कामाची किंमत कळणार नाही.

एटीआर ७२ ला समुद्रसपाटीला, बेताच्या तापमानात, फुल लोड घेऊन टेक ऑफला साधारण १३०० मीटर लागतात. मग तुम्ही म्हणाल बसतंय की. तिथंच तर मेख आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीला नाही, जवळजवळ २००० फुटांवर आहे. आणि एप्रिल महिन्यात दुपारी ३८ डिग्री असतं, जेव्हा पुस्तकाप्रमाणं या उंचीवर ११ डिग्री पाहिजे. म्हणजे २७ डिग्री जास्त. एका डिग्रीला ढोबळ मानानं १२० फूट धरा, तर विमानाला वाटतं की आपण २००० नाही तर ५२०० फुटांवर आहोत. याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. हवा विरळ, इंजिनाला दम कमी, पंखाला उचल कमी, प्रोपेलरची पकड कमी, सगळं एकदम. वरून टेक ऑफच्या ऐन वेळी एक इंजिन गेलं तर उरलेल्या रनवेत थांबता आलं पाहिजे नाहीतर एका इंजिनावर नीट उडता आलं पाहिजे, दोन्हीचा हिशोब आम्ही प्रत्येक फ्लाइटच्या आधी करतो, रोज, न चुकता. मग छोट्या रनवेवर हा हिशोब जुळवायचा कसा? वजन कमी करून. म्हणजे सीट रिकाम्या ठेवा, बॅगा मागाहून येणाऱ्या फ्लाइटनं पाठवा, फ्युएल मोजूनमापून घ्या. "फ्लाइट फुल दाखवतंय पण आत सीट रिकाम्या कशा" असं जे लोक विचारायचे त्याचं उत्तर हे आहे. शिमल्याला आजही हेच दुखणं आहे.

सर म्हणाले, "पॅसेंजरला वाटतं कंपनी फसवतेय. त्याला कोण सांगणार की बाबा, उन्हानं तुझी सीट खाल्ली."

तर या १३७० चे आता १९३० मीटर झालेत. ५६० मीटर वाढले. ऐकायला काही नाही, पण माझ्या मते गेल्या दहा वर्षांत कोल्हापूरला मिळालेली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, टर्मिनलपेक्षा मोठी. एटीआर आता भर उन्हाळ्यात पण आरामात भरून निघतं, आणि एम्ब्रेअर १७५ सारखं छोटं जेट इथं येतं ते या वाढीमुळंच. मॅडमना मी विचारलं, तुम्हाला फरक कुठं जाणवला? त्या म्हणाल्या, "खांद्यात." पूर्वी छोट्या रनवेवर उतरताना शेवटच्या पाचशे फुटांत खांदे आपोआप वर यायचे, टचडाऊन जरा पुढं झालं तर गो अराउंड, म्हणजे न उतरता परत वर जायची तयारी ठेवूनच यायचं. आता खांदे खाली असतात. तयारी तीच ठेवायची, पण माणूस शांत असतो. पायलट शांत असणं ही पॅसेंजरसाठी किती मोठी सोय आहे हे कुठल्याच रेटिंगमध्ये येत नाही, म्हणून इथं मुद्दाम लिहितोय.

आता एक गोष्ट जी लोकांना अजिबात माहीत नसते. पेपरात बातमी येते की रनवेचं काम पूर्ण, आणि लोक दुसऱ्या दिवशी विचारतात मग मोठं विमान का येत नाही. डांबर पडलं म्हणजे रनवे वाढला असं नसतं ओ. नवीन टोकाला मार्किंग करावं लागतं, कडेचे लाइट, टोकाचे लाइट नव्यानं बसवावे लागतात, पापी हलवावे लागतात. पापी म्हणजे रनवेच्या बाजूला असलेले चार लाइट, दोन पांढरे दोन लाल दिसले की आपण बरोबर उतारावर आहोत, चारी लाल म्हणजे फार खाली आलोय. रनवेचं टोक सरकलं की हे सगळं सरकवून, परत उड्डाण करून तपासून घ्यायचं. मग डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेची, मंजुरी, मग नवीन अंतरं अधिकृतपणे छापून येणार, आणि तोपर्यंत समोर चकचकीत नवीन डांबर दिसत असलं तरी पायलटच्या हिशोबात ते शून्य. सर म्हणाले की नवीन पोरांना हेच सांगावं लागतं, डोळ्याला दिसतो तो रनवे नाही, कागदावर जाहीर झालाय तो रनवे. मला हे वाक्य फार आवडलं, वहीत लिहून ठेवलंय.

चालू एअरपोर्टवर रनवेचं काम करणं हे चालत्या बैलगाडीचं चाक बदलण्यासारखं आहे. दिवसा फ्लाइट, रात्री काम, सकाळी पहिल्या विमानाच्या आधी सगळं झाडून पुसून लख्ख. नोटॅम निघतात, म्हणजे आम्हाला सूचना, की आज अमुक वेळ बंद, अमुक मीटर वापरायचे नाहीत. एका दुसऱ्या छोट्या एअरपोर्टवर, नाव घेत नाही, रिकार्पेटिंग, म्हणजे डांबराचा नवीन थर टाकणं, चालू असताना आम्ही सकाळी गेलो तर टॅक्सीवेच्या वळणावर बारीक खडी राहिलेली. परत आल्यावर इंजिनिअरनं प्रोपेलरवर खाच दाखवली, नखाएवढी, पण विमान दिवसभर उभं राहिलं आणि सत्तर लोकांचा दिवस गेला. रात्रीच्या पाळीत झाडू मारणारा माणूस आणि पहाटे जीपमधून रनवे तपासत जाणारा माणूस, हे दोघं या सगळ्या साखळीत कॅप्टनइतकेच महत्त्वाचे आहेत आणि त्यांना धन्यवाद म्हणायला मी तरी विसरत नाही.

पावसाबद्दल बोललंच पाहिजे, कारण कोल्हापूरचा पाऊस. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेचा, त्यामुळं बहुतेक वेळा रनवेच्या २५ नंबरच्या दिशेनं उतरायचं आणि त्याच दिशेनं उडायचं, नाक पश्चिमेला. हिवाळ्यात उलटं, ०७ वापरात, नाक पूर्वेला. ओल्या रनवेवर सगळ्यात भीती कशाची, तर चाक आणि डांबराच्या मध्ये पाण्याचा थर बसतो आणि चाक तरंगायला लागतं, ब्रेक मारून उपयोग नाही. याचा एक जुना ठोकताळा आहे, टायरच्या प्रेशरचं वर्गमूळ गुणिले ९. प्रेशर १०० पीएसआय असेल तर ९० नॉटला, म्हणजे ताशी साधारण १६७ किलोमीटरला, तरंगणं सुरू. म्हणून नुसती लांबी नाही, पृष्ठभाग कसा आहे, मधून दोन्ही बाजूला उतार बरोबर आहे का, पाणी किती लवकर निघून जातं, याच्यावर जीव अवलंबून असतो. जुलैमध्ये धो धो पावसात उतरताना कोल्हापूरला मला तळी साचलेली दिसली नाहीत, ब्रेकिंग नीट लागलं, टॅक्सी करताना खडखड नाही. या कामाला पूर्ण मार्क.

आणि रनवे जिथं संपतो त्याच्या पुढचं काय? त्याला रेसा म्हणतात, चुकून विमान पुढं गेलंच तर सांभाळून घेणारी मोकळी सपाट जागा. आंतरराष्ट्रीय नियमात कमीत कमी ९० मीटर सक्तीचे आणि २४० मीटर असावेत अशी शिफारस. हा विषय निघाला आणि टेबलवर सगळे गप्प झाले, कारण कोझिकोड. ७ ऑगस्ट २०२०, पाऊस, टेबलटॉप म्हणजे डोंगरमाथ्यावरचा रनवे, विमान पुढं जाऊन दरीत पडलं, २१ जण गेले, कॅप्टन दीपक साठे आणि त्यांचे को-पायलट दोघंही त्यात. सर एवढंच म्हणाले की टोकाच्या पुढची माती ही वाया गेलेली जागा नाही. जेव्हा कुणी विचारतं की एवढी जमीन कशाला पाहिजे, विमान तर मधेच उतरतं, तेव्हा मला हे आठवतं.

आता तो कापलेला एक स्टार. रनवे अजून वाढवून एकूण २३०० मीटर करायचं ठरलेलं आहे, गडमुडशिंगीच्या बाजूला त्यासाठी जमीन लागतेय, साधारण ६४ एकर. तेवढं झालं की एअरबस ए ३२० सारखं मोठं विमान इथं रोजच्या रोज भरून न्यायची वाट मोकळी होते. सीट वाढल्या की तिकीट उतरेल अशी मला आशा आहे. पण जोपर्यंत ते ३७० मीटर होत नाहीत तोपर्यंत माझ्याकडून ५ स्टार नाहीत. यात एक गोष्ट मनापासून सांगतो, ज्यांची जमीन जातेय त्यांच्यातले काही माझ्या ओळखीचे आहेत, बारमाही पाण्याची, उसाची जमीन आहे ती, माळरान नाही. त्यांना चांगला मोबदला आणि वेळेवर पैसे मिळाले पाहिजेत. आम्ही वरून जातो तेव्हा तो हिरवा पट्टा दिसतो आणि दर वेळी मला वाटतं की माझ्या सोयीचं उतरणं कुणाच्या तरी बांधावरून होतंय.

मोठा रनवे कशाला, पुण्याला जाऊन विमान पकडता येतं की, असं म्हणणारे लोक ऑगस्ट २०१९ विसरलेत. महापुरात पुणे-बंगळूर हायवे पाण्याखाली गेला, शिरोलीजवळ ट्रकच्या रांगाच रांगा, दूध नाही, पेट्रोल नाही, गावाचं बेट झालेलं. २०२१ ला परत तेच. उजळाईवाडीचा माळ उंचावर आहे. अशा वेळी शहराला बाहेरच्या जगाशी बांधून ठेवणारी पट्टी किती लांब आणि किती मजबूत आहे हा प्रश्न हौसेचा राहत नाही.

बाकीच्यांशी तुलना करायची तर अमरावतीला बेलोऱ्याला १८५० मीटर झाले आणि १६ एप्रिल २०२५ ला फ्लाइट सुरू झाली, आनंद वाटला. सोलापूरला रनवे होता पण साखर कारखान्याची चिमणी वाटेत होती, ती २०२३ मध्ये पाडल्यावर २०२५ मध्ये गोव्याची फ्लाइट आली. म्हणजे प्रत्येक गावाचं दुखणं वेगळं, कुठं लांबी, कुठं चिमणी, कुठं जमीन. सिंधुदुर्गात चिपीला २५०० मीटर आहेत, लांबीची काळजी नाही, पण नुसत्या लांबीनं फ्लाइट येत नाहीत, तिथं पॅसेंजर वर्षभर पाहिजेत. कोल्हापूरला पॅसेंजर आहेत, गूळ आहे, फाउंड्री आहेत, अंबाबाई आहे, इचलकरंजीचा कापड धंदा आहे. इथं फक्त मीटर कमी पडतात.

रात्रीच्या लँडिंगचं पण सांगायचं राहिलं. नाइट लँडिंगची सोय झाल्यापासून संध्याकाळी उशीर झाला तरी फ्लाइट बेळगाव नाहीतर पुण्याला वळवायची वेळ लगेच येत नाही. काळोखात उसाच्या रानातून एकदम लाइटची सरळ रेघ समोर उघडते, ते बघून मला अजूनही डबा घेऊन उभा असलेला मी आठवतो.

आता पॅसेंजर लोकांसाठी कामाच्या काही गोष्टी. एअरपोर्ट शहरापासून साधारण ९ किलोमीटर आहे, गाडी आधी ठरवून ठेवा, मला एकदा बाहेरच्या एका गाडीवाल्यानं दुप्पट सांगितले होते. एप्रिल-मे मध्ये शक्यतो सकाळची फ्लाइट घ्या, हवा थंड असते, हादरे कमी बसतात. आणि हिवाळ्यात येत असाल आणि विमान ०७ वर उतरत असेल तर डावीकडची खिडकी मागून घ्या, अख्खं शहर त्या बाजूला पसरलेलं दिसतं. चाकं टेकल्यावर लगेच उठून बॅग काढू नका, अजून आम्ही ब्रेकवर असतो.